डिकीतला तीळ

मी चार दिवस माझा तीळ स्कूटरच्या डिकीत ठेवून लातूरभर हिंडलो. अंगावरचा नव्हे, डॉक्टरांनी काढलेला, इवल्याशा बाटलीत औषधाच्या पाण्यात बुडवलेला.

आम्ही लिंगायत. गळ्यातल्या इष्टलिंगाचा दोरा, शिवदारा, जिथं घासतो, तिथंच मानेवर हा तीळ लहानपणापासून होता. यंदा तो वाढला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, एकदा रक्तही आलं. मी म्हटलं, दोऱ्यानं घासला असंल. पण बायको देगलूरची, ती ऐकते होय? दंडाला धरून चामडीच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी जागा बधिर करून तीळ काढला, दोन टाके घातले आणि बाटली माझ्या हातात दिली.

"ही आजच लॅबमध्ये द्या. साधा आहे का कॅन्सरचा, ते तपासल्याशिवाय सांगता येत नाही."

त्यातला 'साधा' माझ्या डोक्यात शिरलाच नाही.

बायको मेडिकलवर गोळ्या घेत होती. मी लॅबच्या दारापर्यंत गेलो, काचेतून आतली माणसं बघितली आणि स्कूटर वळवली. "दिलं का?" तिनं विचारलं. "दिलं."

आमच्या घरी कापलेले केस, नखं उंबऱ्याच्या आत येत नाहीत. कटिंग करून आलं की आधी न्हाणी, मग घर. एरवी मला या नियमाचा लई कंटाळा. त्या दिवशी मात्र अगदी भक्तिभावानं पाळला. अंगाचा तुकडा घरात कसा न्यायचा? राहू दे डिकीत. उद्या देऊ.

तो उद्या काही उजाडेना. बायको रोज विचारायची, "रिपोर्ट आला का हो?" मी म्हणायचो, "न्हाई अजून. गर्दी हाय तिथं."

चौथ्या दिवशी सकाळी ती स्कूटर घेऊन मेथी आणायला गेली. जुडी ठेवायला डिकी उघडली. परत आली ती गेटातच थांबली. एका हातात मेथी, दुसऱ्या हातात बाटली.

"हे काय हाय?"

"तीळ."

"तो तर लॅबमध्ये हाय ना?"

"नेऊन राहिलो होतो."

"बसा मागं."

लॅबच्या काउंटरवरच्या बाईंनी बाटलीवरची चिठ्ठी वाचली. "सोमवारी काढला? मग इतके दिवस कुठं होता?"

"फिरून राहिला होता," बायको म्हणाली. "दुकान, मंडई, पेट्रोल पंप."

बाई हसल्या. "फॉर्मलिनमध्ये आहे, नासत नाही. पण ताई, खरंच काही निघालं तर हे दिवस महाग पडतात."

मी खाली मान घातली, टाके ताणले. पुढं काय करणार, ते त्यांनी सांगितलं. तुकडा मेणात बसवायचा, त्याचे पातळ काप काढायचे, रंग द्यायचा, मग डॉक्टर मायक्रोस्कोपखाली बघणार.

"पापडापेक्षा पातळ?" बायकोनं विचारलं.

"लई पातळ. आरपार दिसतं."

"म्हणजे ह्यांच्या बहाण्यांसारखं."

रिपोर्टला आठवडा लागला. त्या आठवड्यात बायको मला एका शब्दानं बोलली नाही. फक्त चहा दोनदा खारट झाला. तेव्हा मला कळलं, भीती काही माझ्या एकट्याच्या डिकीत नव्हती. मी तो चहा निमूट प्यालो.

शेवटी कागद मिळाला. साधा तीळ, पूर्ण निघालेला, धोका नाही. मी तो लॅबच्या पायरीवर तीनदा वाचला. चौथ्यांदा बायकोनं हातातून ओढून घेतला, वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला.

घरी आल्यावर तिनं बादली आणली आणि डिकी घासून पुसायला लागली. मी शेजारी उभा. फडकं धरू का, असं विचारायचीही हिंमत होईना. पुसून झालं तशी ती माझ्याकडं न बघताच म्हणाली, "पुढच्या वेळी भ्यायचं असंल तर घरात येऊन भ्या. उंबऱ्याला त्याचं काही वावडं न्हाई."