कुत्रीला भरवलेला घास

भाताच्या धुमसत्या तुसाचा आणि त्यापाशी शेकणाऱ्या कुत्रीच्या केसांचा एकवटलेला वास मला अजून आठवतो. म्हसा गावच्या जत्रेत आमचा बैल विकला गेला आणि त्याच्या पोटाशी निजणारी कुत्री ऐन पौषात खिन्न होऊन त्या शेकोटीपाशी पडून राहिली. आई तिला मांडीशी घेई, नाचणीची भाकर दुधात कुस्करून भरवी आणि म्हणे, “खा गो, बाय माझी.” ते संबोधन तोवर केवळ माझे होते. एका सकाळी मीही न्याहारी टाकून, तोंड पाडून कुत्रीला खेटून आडवी झाले. आई वाडगा घेऊन आली, वाकली. मी तोंड उघडले. ती म्हणाली, “सरक.”