क्लॅरनेटवाल्या श्रावणभाऊची तपासणी

ब्रह्मपुरीच्या आमच्या बँडपार्टीत श्रावण बोरकर क्लॅरनेट वाजवतो आणि मी ढोल. त्याचं वय एक्केचाळीस. लग्न झालं होतं, दोन वर्षांत रीतसर फारकत झाली. त्यालाही आता पंधरा वर्षं होतील. घरी एकटाच भात रांधून खायचा, पण स्वभावानं भलता हसरा. नवरीचा बाप रडायला लागला की हा मुद्दाम त्याच्याजवळ जाऊन अशी काही तान घेणार, की बाप डोळे पुसत पुसत नाचायला लागणार.

मागच्या उन्हाळ्यात गडचांदूरला एक लग्न होतं. तिथं स्वयंपाक करणाऱ्यांत चंचल नावाची बाई होती. छत्तीस-सदतीसची, तीही फारकत झालेली, बोलायला बिनधास्त. आम्हाला वाढताना तिनं श्रावणला तिसऱ्यांदा वांग्याची भाजी वाढली, तेव्हाच आम्ही एकमेकांना कोपरानं ढोसलं. दोघांचं फोनवर बोलणं सुरू झालं. पुढं एका दुपारी श्रावण तिच्या खोलीवर जाऊन आला. निरोध वापरला होता, तो फाटला नव्हता की निसटला नव्हता. परत आला तो शीळ घालतच.

पंधरा दिवसांनी त्याच्या छातीवर लाल पुरळ उठलं. मग अंग कसकसलं, तोंडात फोड आला. त्यानं फोनवर शोधलं: पुरळ, ताप, तोंडात फोड. वाचता वाचता एचआयव्हीवर येऊन थांबला, आणि त्याची झोप गेली. चंचलचे फोन घेणं त्यानं बंद केलं. एका वरातीत तर तोंडातला फोड ठणकायला लागला नि सूर निघेचना. नवरदेवाचा भाऊ आमच्यावर ओरडायला लागला.

मी त्याला बाजूला घेतलं. "काऊन बे, काय होऊन राह्यलं तुले?"

तो रडायलाच लागला. सगळं सांगितलं. "मी गेलो कामातून, भाऊ."

मलाही त्यातलं काही कळत नव्हतं. एवढं ठाऊक होतं की सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते आणि कुणाला सांगत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला तिथं नेलं. तपासणीच्या खोलीसमोरून तो तीनदा गेला, पण आत पाय टाकेना. शेवटी तिथल्या समुपदेशक सरिताताईच बाहेर आल्या.

"बसा नं भाऊ आतमध्ये. इथी पंखा चांगला आहे," त्या म्हणाल्या.

आत काय बोलणं झालं ते श्रावणनं मला नंतर शब्दन् शब्द सांगितलं.

"निरोध होता?" ताईंनी विचारलं.

"होता."

"फाटला?"

"नाई."

"मग धोका फारच कमी आहे. फाटला असता, तर तीन दिवसांच्या आत आमच्याकडे यायचं असतं. त्यासाठी गोळ्या असतात. पण मी नुसतं म्हणून तुमच्या जिवाला चैन पडणार नाई. तपासून घ्या."

"अन् हे पुरळ?" श्रावणनं शर्टाची बटणं उघडली.

"बँडचा कोट किती वेळ घालता?"

"चार-पाच तास."

"मे महिन्यात? कोट कायचा आहे?"

"मखमलीचा."

ताईंना हसू आवरेना. "मले तर घामोळ्या दिसतात, भाऊ! पण एचआयव्ही आहे की नाई, हे पुरळ पाहून कोणालेच सांगता येत नाई. ते रक्तच सांगते. आता तोंड उघडा. खर्रा खाता?"

"थोडासा."

"थोडासा म्हणजे?"

"सहा पुड्या."

तंबाखू-सुपारीच्या सहा पुड्या ऐकून ताईंचं हसू थांबलं. "या फोडाची मले जास्त काळजी आहे. आजच दातांच्या डॉक्टरांना दाखवा."

बोटातून रक्त घेतलं. वाट पाहताना श्रावणनं हळूच विचारलं, "ताई, निघालाच तर?"

"तर रोज गोळी घ्यायची, वेळेवर. माझ्याकडे येणारे कितीतरी जण असे आहेत. शेती करतात, लेकरांचे लग्न लावतात."

अर्ध्या तासानं रिपोर्ट आला. निगेटिव्ह. चंचलच्या खोलीवर गेल्याला तीन महिने पूर्ण झाले की पुन्हा एकदा तपासा, म्हणजे विषय संपला, असं ताईंनी बजावलं. श्रावण बाहेर आला आणि दवाखान्याच्या अंगणात मला उचलूनच घेतलं. मी चांगला ऐंशी किलोचा!

दातांच्या डॉक्टरांनी त्याला चांगलंच झापलं. फोड खर्ऱ्याचाच होता. पुड्या बंद झाल्या, औषध सुरू झालं, दोन आठवड्यांत फोड बसला.

अवघड काम राहिलंच होतं. त्यानं चंचलला फोन लावला आणि काही न लपवता सांगितलं.

"दहा दिवस फोन नाई घेतला, अन् आता सांगून राह्यला तपासून आलो म्हणून?" ती कडाडली. "मले रोग आहे वाटलं तुले?"

"तुह्यावर काई नाई, चंचल. भेव माह्याच डोक्यात होतं. चुकलो मी."

तिनं आणखी चार शब्द सुनावले. मग ती म्हणाली, "पुढच्या टायमाला मले बी घेऊन चाल. दोघंबी तपासू."

तीन महिने झाले, भाताच्या रोवणीचे दिवस आले. चिखलाचे पाय घेऊन बसमधून उतरलेल्या बायांच्या गर्दीतून चंचल उतरली, नवी छत्री घेऊन. दवाखान्यात दोघांनी एकाच बाकावर बसून तपासणीला रक्त दिलं. दोघांचेही रिपोर्ट निगेटिव्ह आले. मग समोरच्या हॉटेलात आम्ही तिघांनी रस्सा ओतून आलूबोंडे खाल्ले. चंचलनं दुसरी प्लेट मागवली आणि श्रावणकडं न पाहताच म्हणाली, "आता सांग, लगन करतोस का नाई?"

त्याला ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "करतो."

पुढच्या जानेवारीत बुद्धविहारात लग्न झालं. सरिताताईंना दोघांनी स्वतः जाऊन बोलावलं होतं, त्या आल्याही. एका म्हाताऱ्या बाईनं त्यांना विचारलं, "तुम्ही नवरदेवाकडून का नवरीकडून, बाई?"

"दोघांकडून," ताई म्हणाल्या आणि पंगतीत जागा धरून बसल्या.