'थांब' म्हटल्यावर

आमच्या पहिल्या कुत्रीला मी शिकवलेली एकच गोष्ट निर्दोष होती, ती म्हणजे थांबणं. बाकी सगळं ती माझ्याकडून चुकीचं शिकली आणि तिचं तिनेच सुधारून घेतलं.

ती आमच्या कोथरूडच्या सोसायटीतलीच, गावठी, एका बंद पडलेल्या मोटारीखाली जन्मलेली. अडथळ्यांच्या शर्यतीसाठी मी तिला मैदानावर न्यायला लागले, तेव्हा तळमजल्यावरचे काका म्हणाले, "शिकवताय कशाला? मारतेच की उड्या, आमच्या स्कूटरच्या सीटवर."

या खेळात कुत्रं आडव्या बारवरून उड्या मारतं, कापडी बोगद्यातून पळतं आणि माणूस शेजारून धावत त्याला हाताने दिशा दाखवतो. मी दिशा नेहमी उशिरा दाखवायचे. मग बार पडायचा, आणि मी तिच्याकडे रागाने बघायचे. आमचे प्रशिक्षक, म्हणजे सर, शांतपणे म्हणायचे, "तिच्याकडे काय बघताय? स्वतःच्या पायांकडे बघा."

सुरुवातीच्या रेषेवर कुत्र्याला बसवायचं, तळवा दाखवून 'थांब' म्हणायचं आणि आपण पुढे चालत जायचं. सुटकेचा शब्द दिल्याशिवाय त्याने उठायचं नाही. तो शब्द रोजच्या बोलण्यातला नको आणि फक्त आपल्याच तोंडून चालायला हवा, असं सर सांगत. आमचा शब्द होता 'मोकळी'. तो मिळेपर्यंत समोरून मांजर गेलं तरी ती शेपटीचं टोक तेवढं हलवायची.

पुढे तिचे मागचे पाय दुखायला लागले. डॉक्टरांनी उड्या बंद केल्या आणि मी बॉर्डर कोली जातीचं पिल्लू आणलं. पहिलीच्या जिवावर मी जे शिकले, ते या दुसऱ्याला आयतं मिळालं. सरावात त्याचे बार क्वचितच पडत. पहिली घरी राहायला लागली, पण मी धावायचे बूट बाहेर काढले की ती दारात जाऊन उभी राहायची. ते बघवेना, म्हणून मी बूट स्कूटरच्या डिकीत ठेवायला लागले. कुत्रीपासून बूट लपवण्यापर्यंत माझी मजल गेली होती.

गेल्या हिवाळ्यातल्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी मात्र बूट धुऊन गॅलरीत वाळत घातले होते आणि ते तिने पाहिले. सकाळी ती दारातून हलेना. नवरा म्हणाला, "ने की तिलाही. तुझ्यापेक्षा जास्त कळतं तिला त्यातलं."

नेलं. मैदानाच्या कडेला झाडाच्या सावलीत बसवलं. तेवढ्यात आमचा पुकारा झाला. मी तिला तळवा दाखवला, 'थांब' म्हटलं आणि कोलीला घेऊन धावले.

एकही बार पडला नाही. इतक्या वर्षांत स्पर्धेतली माझी पहिलीच बिनचूक फेरी. टाळ्या, फोटो, अभिनंदन. कोलीला त्याच्या पिंजऱ्यात विश्रांतीला ठेवून मी सगळ्यांबरोबर रस्त्यापलीकडे मिसळ खायला गेले. हवेतच होते मी.

टेबलावर एका नवख्या मुलीने विचारलं, "तुमचं पहिलं कुत्रं कसं होतं?"

मी रंगात येऊन सांगायला लागले. तिचे गच्चीवरचे धडे, तिचा हट्ट, आणि तिचं ते थांबणं. "तुला सांगते," मी म्हणाले, "मी सोडल्याशिवाय ती जागची उठायचीच नाही."

वाक्य संपलं आणि माझ्या हातातला पाव तसाच राहिला.

धावत रस्ता ओलांडला. झाडाची सावली केव्हाच सरकून पलीकडे गेली होती. मैदानावरचे बार आणि बोगदे उचलून टेम्पोत चढले होते. ती मी बसवलेल्या जागीच बसली होती, जीभ बाहेर, समोर पाण्याचं न प्यालेलं भांडं. शेजारी सर गुणफलक आडवा धरून तिच्यावर सावली करत उभे होते.

"झाली मिसळ?" त्यांनी विचारलं.

मी पाण्याचं भांडं तिच्याजवळ सरकवलं.

"उचलायला गेलो तर अंग ताठ केलं तिने. तुमचा शब्दही म्हणून बघितला, माझ्या तोंडून चालला नाही. सोसायट्यांना असा वॉचमन मिळत नाही."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी 'मोकळी' म्हटलं. तशी ती उठली, मागचे पाय आखडलेले, आणि शेपटी हलवत माझ्याकडे आली. रुसली असती तर मला सोपं गेलं असतं. घटाघटा पाणी प्यायली आणि मला ओलांडून थेट मैदानात गेली. जिथे सकाळी सुरुवातीची रेषा होती, तिथे जाऊन उभी राहिली आणि मागे वळून माझ्या हाताकडे बघायला लागली.

तेव्हा कळलं. मी घरी न्यायला येईन म्हणून ती इतका वेळ थांबली नव्हती. कोलीनंतर आपला नंबर आहे, असं समजून थांबली होती.

टेम्पोजवळची माणसं बघत होती, सरही. रिकाम्या मैदानात मी हात पुढे केला आणि सावकाश धावले. नसलेल्या बारवरून ती लंगडत माझ्या बाजूने आली. शेवटी तिने नेहमीसारखे पंजे माझ्या गुडघ्यांवर ठेवले. शाबास म्हणायची मला लाज वाटत होती, पण ती वाट बघत होती, म्हणून म्हणाले.