पंपकाकांचं एका माणसाचं दुकान

४ ऑगस्ट, रविवार. फवारणीचे नऊ पंप धुऊन दुकानासमोर उलटे टाकले आहेत. निथळले की खोलायचे. उद्या नऊही जण पंप न्यायला येतील आणि हात दोनच आहेत.

महागावातलं हे दुकान आधी पंपकाकांचं होतं. दुरुस्त केलेला प्रत्येक पंप ते साध्या पाण्याने भरत, सदरा काढून नुसत्या बनियनवर पाठीला लावत आणि एसटी स्टँडच्या वळणापर्यंत जाऊन येत. पंप गळला नाही, पाठ कोरडी राहिली, तरच तो गिऱ्हाइकाच्या हाती. वावरात पाण्याच्या जागी औषध असतं, ते दिवसभर पाठीवर झिरपलं तर माणूस दवाखान्यात जातो, कधी परत येत नाही. हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. तरी लोक हसायचेच. "काका, वरात निघाली का?" काका चालता चालता म्हणायचे, "नवरदेव गयते का पाहून राह्यलो."

माझं शिलाईचं दुकान शेजारी. पंपांचे खांद्यावरचे पट्टे मी शिवून द्यायची, तेवढाच आमचा संबंध. कपाशीवर फवारणी सुरू झाली की काकांकडे रांग लागे. लोक वैतागून म्हणत, एखादा माणूस ठेवा. एका कृषी केंद्रवाल्याने तर दोन कारागीर देतो, सगळी दुरुस्ती तुमच्याकडेच पाठवतो, असंही सांगून पाहिलं. काकांचं उत्तर ठरलेलं असे. "माणूस ठेवला का नजर त्याच्यावर ठेवा लागते. मंग पंपावर कोन ठेवीन?"

जेवायच्या वेळी ते अर्धं शटर ओढून रस्त्याकडे पाठ करून बसत. काकू गेल्यानंतर डब्यात बहुतेक बेसन-भाकरच असे. एकदा मी भाजी नेऊन दिली, तर दुसऱ्या दिवशी डबा घासून, त्यात दोन निंबं टाकून परत. कुणाचं काही अंगावर ठेवायचं नाही. एकदा तापाने आठ दिवस दुकान बंद होतं. नवव्या दिवशी आल्यावर त्यांनी मला विचारलं, कोणी चौकशी केली का? पंपांची केली होती, सगळ्यांनी. तसं सांगितलं. मान हलवून कामाला बसले.

भादव्यातल्या एका दुपारी मी मशीनवरून मान वर केली, तेव्हा ते वळणावरून परत येत होते. पंप उतरवून गिऱ्हाइकाला दिला, कोरडा आहे म्हणाले आणि आत वळले. बनियन कमरेपर्यंत भिजून पाठीला चिकटली होती. मी उठून पंप गिऱ्हाइकाच्या हातातून काढून घेतला आणि काकांना म्हटलं, पाठ ओली आहे. घाम असेल म्हणाले. मग हात मागे नेला आणि तळवा पाहत उभे राहिले. पाठीची कातडी बधिर झाली होती. कधीपासून, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

त्या आठवड्यात कुणाकुणाचे पंप गेले ते आम्ही आठवून काढलं. तीन दिवस ते गावोगाव फिरले. सगळे पंप पुन्हा तपासले. एकच गळका निघाला, फुलसावंगीचा. त्या शेतकऱ्याने अर्धं वावर फवारलं होतं आणि उलट्या थांबेनात म्हणून त्याला यवतमाळला हलवलं होतं. काका चार दिवस वॉर्डाबाहेर बसून होते. तो वाचला. काकांना कुणी एक शब्द बोललं नाही. उलट त्याच्या बायकोने त्यांना चहा पाजला.

परत आल्यावर त्यांनी पाने-पकडी आणून माझ्या मशीनवर ठेवल्या. मी म्हटलं, मला यातलं काय येतं? "दहा वर्सं पाहून राह्यली ना," म्हणाले. मग पायरीवर बसले. "तू पायलं म्हणून समजलं, पोरी. मी एकटा असतो तं कोनं सांगतलं असतं?"

ते लोहाऱ्याला मुलीकडे गेले, ते पुन्हा आले नाहीत. मागच्या हिवाळ्यात वारले. मला आठवड्याने कळलं.

सहा वर्षं मी हे दुकान एकटी चालवते आहे. घरी वाट पाहणारं कुणी नाही, त्यामुळे वेळेची अडचण नाही. गेल्या महिन्यात तांड्यावरची रुखमा काम मागायला आली. मी तिला काकांचं नजरेचं वाक्य ऐकवलं. ती म्हणाली, "मंग तुमच्यावर कोन ठेवते?" मी तिला वाटेला लावलं. हंगाम तीन महिन्यांचा, पुढे तिला कसं पोसू, असं मी लोकांना सांगते. ते खोटं नाही, पण खरं कारण वेगळं आहे. दुकानात दुसरं माणूस आलं की त्याच्याशी बोलावं लागतं. काकांचं पहिलं वाक्य मी सहा वर्षं वापरलं. पायरीवर बसून बोललेलं सोयीने विसरले.

हे काल लिहिलं. आज सकाळी सहाला गाडी काढून तांड्यावर गेले. रुखमा निंदणाला निघाली होती. चल म्हटलं. डोक्यावरचं गाठोडं न उतरवता तिने अटी सांगितल्या. "चहा मी करनार नाही. अन् माह्यं चुकलं तं चारचौघात बोलाचं नाही." मी हो म्हटलं. ती मागे बसली आणि वाटभर तिच्या आजारी शेळीबद्दल सांगत राहिली. मी ऐकत होते. मध्ये मध्ये काही विचारायचं असतं, हे दुकानाशी उतरल्यावर माझ्या लक्षात आलं.