तळ्याकाठची कुजबुज

मी जन्मभर मोठ्यानं बोलत आले आणि त्यानं माझं कधी काही बिघडलं नाही. नातवंडं म्हणतात, आजी फोनवर बोलायला लागली की फोनची गरजच उरत नाही. पण एकदाच मी शहाणपणा करून कुजबुजले, आणि त्यातून जी फजिती झाली ती माझ्या जावा अजून चवीनं सांगतात. म्हटलं, मीच लिहून टाकावी. निदान तिखटमीठ तरी माझ्या हातचं राहील.

तेव्हा लेकीच्या लग्नाचं बघत होतो. लेक सिन्नरला कारखान्यात इंजिनिअर. तिनं आधीच बजावलं होतं, "घरी बघण्याचा कार्यक्रम नको. पोह्यांच्या बश्या घेऊन मी बाहेर येणार नाही." नेमकं मुलाचंही तेच म्हणणं निघालं. मुलाकडच्यांचं द्वारका चौकाजवळ ठिबक सिंचनाच्या पाइपांचं दुकान. मग मध्यस्थांनी तोड काढली. रविवारची एक सहल जायची, गाइडसकट, त्र्यंबकेश्वरच्या पुढे घाट चढून डोंगरावरच्या एका जुन्या गावाला. दोन्हीकडच्यांनी तिकिटं काढायची आणि सहज भेटल्यासारखं भेटायचं. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. तिथले लोक मला विसरले असतील अशी आशा आहे.

आता सहजच भेटायचं, म्हणून मी पहाटे उठून सांज्याच्या पोळ्या लाटल्या. शिवाय दशम्या, बटाट्याची कोरडी भाजी, शेंगदाण्याची चटणी. लेक झोपलेली. ही मुलगी मिक्सर उघडून पुन्हा जोडून द्यायची, पण कणीक हाताला चिकटली की रडवेली व्हायची. तिला चहा मात्र येत असे. त्यात साखर असेल याची खात्री नसे.

पण ती निघताना तिसऱ्यांदा ओढणी बदलून आली, तेव्हा मी ओळखलं. आजवर आलेल्या स्थळांचे फोटो ती पेपरातल्या जाहिराती पाहाव्यात तशी पाहायची. या मुलाचा फोटो तिच्या उशीखाली सापडला होता. मी म्हटलं, बाई गं, हे स्थळ हातचं जाता कामा नये.

बसमध्ये मुलगा आणि त्याची आई आमच्या पुढच्याच सीटवर. बाई उंच, गंभीर, बोलणं मोजकं. मी ओळख काढली. "वा, उन्हाचं बरं निघालात!" म्हणाले. त्या म्हणाल्या, "हो." संभाषण संपलं.

गाव खरंच सुंदर होतं म्हणे. दगडी वेस, पडकी देवळं, देवळातले कोरीव खांब कुणाकुणाच्या घरांच्या ओट्याला लावलेले. गाइड गावातलाच होता, गळ्यात छोटा कर्णा अडकवून तो राजेरजवाडे सांगत होता. मी काही ऐकलं नाही. सगळे खांबांकडे बघत होते, मी मुलाच्या आईकडे. त्या कशाकडे बघतात, कुणाकडे बघतात, लेकीच्या चपलांकडे बघतात का.

दुपारी तळ्यावर आलो. गावामागे डोंगराच्या कुशीत निवांत तळं, पलीकडे अर्धवर्तुळाकार कडा. वारा अजिबात नाही. तिथे गाइड म्हणाला होता, "मंडळी, या तळ्याची लय गंमत हाय. वारा पडला का त्या काठाला बोललेलं या काठाला ऐकू येतं. मागं कडा हाय ना, आवाज दुसरीकडं जातच नाय." हे मला लेकीनं नंतर सांगितलं. त्या वेळी डब्याचं झाकण निघत नव्हतं आणि मी ते दातानं उघडायच्या बेतात होते.

पंगत बसली. मुलाच्या आईनं सांज्याच्या पोळीचा घास घेतला. "कुणी केल्या?"

"सगळं हिनंच हो! पहाटे उठून. मला हात लावू देत नाही स्वयंपाकाला."

मुलगी दाखवताना आईनं म्हणायचं हे वाक्य आहे. माझ्या आईनं माझ्या वेळी म्हटलं होतं, आजीनं तिच्या वेळी. पुढे कुणी चौकशी करायची नसते. या बाईंनी केली.

"सांजा छान मऊ झालाय. गूळ कधी घातलास गं?"

लेक म्हणाली, "सकाळी."

मी घाईघाईनं हसले. मुलगाही हसला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पुढच्या रविवारी आमच्याकडे या सगळे. माझ्या ओट्यापाशी हिच्या हातच्या गरमगरम खाऊ."

मी नवऱ्याकडे वळले. "अहो, चला जरा, पलीकडची कमळं बघून येऊ."

"कमळं इथूनही दिसतायत."

"चला म्हटलं ना."

हे हातातल्या पोळीसकट उठले. तळ्याला वळसा घालून आम्ही कड्याखाली पोचलो. आजूबाजूला चिटपाखरू नाही. मी आवाज खाली आणला.

"आता रविवारी काय करायचं?"

"खरं सांगायचं."

"खरं? अहो, तिला परात कुठली आणि ताट कुठलं ते कळत नाही!"

"हळू बोल."

"हळूच बोलतेय. ऐकायला कोण आहे इथं, बगळे? हे बघा, तिच्या हाताला फडकं बांधू. भाजलं म्हणून सांगू. पोळ्या मी लाटीन, ती शेजारी उभी राहून सांगेल कशा लाटायच्या."

"आणि लग्न झाल्यावर? जन्मभर फडकं?"

"तोवर शिकेल. आणि काय हो त्या बाईंचं तोंड! पोळी खातायत की काढा पितायत, कळेना. पोरीला मुलगा इतका आवडलाय, फोटो उशीखाली घेऊन झोपते, म्हणून मी गप्प बसलेय. नाहीतर..."

एवढ्यात कुणीतरी खोकलं. अगदी माझ्या खांद्यामागे. दचकून पाहिलं, तर मागे नुसता कडा. मग पाण्यावरून गाइडचा आवाज आला, कर्ण्याशिवाय, अगदी अदबीनं:

"ताई, हिकडं समदं ऐकू येतंय."

जाताना ते तळं लहान होतं. परत येताना केवढं मोठं झालं होतं. काठावरची सगळी मंडळी एकदम निसर्ग पाहू लागली. लेकीनं ती तीनदा बदललेली ओढणी तोंडावर घेतली होती. मुलगा पाण्याकडे बघत होता, कान लाल, खांदे हलत होते. हसत होता की काय, विचारायची सोय नव्हती. त्याची आई माझे डबे पुसून एकात एक बसवत होती. शांतपणे. तसं कुणी डबे पुसायला लागलं की काय समजायचं ते मी समजले.

परतीच्या वाटेवर बसमध्ये गाणी नाहीत, भेंड्या नाहीत. मी लेकीला हळूच म्हटलं, "अगं..." ती म्हणाली, "आई, आता कुजबुजू नकोस." घाट उतरल्यावर हे एकच शब्द बोलले. "बगळे." आणि खिडकीबाहेर बघत बसले. एरवी मी सोडलं नसतं, त्या दिवशी सोडलं. पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं, तेही तोंडानं नाही, आणि मी ते तळ्यापलीकडून सगळ्यांना ऐकवून घालवलं होतं.

द्वारकेला उतरलो. रिक्षावाले ओरडत होते, हॉर्न वाजत होते. गर्दीतून मुलाची आई माझे डबे घेऊन आली. मी म्हणाले, "ताई, माझं फार चुकलं हो, पोरीचा यात काही..." त्यांनी हातानंच मला थांबवलं. एकदा मागे वळून मुलाकडे पाहिलं. तो आमच्या लेकीची पिशवी धरून उभा होता. मग माझ्या कानाशी आल्या आणि म्हणाल्या:

"रविवारी या. पण फडकं नको, मेडिकलमधून बँडेज आणून नीट गुंडाळा. आमच्या थोरलीच्या वेळी मी फडकंच बांधलं होतं, तिच्या सासूनं दारातच ओळखलं."