होडीचा तिरपा डोळा

धरणात जमिनी गेल्या तेव्हा गावच्या कुणब्यांनी पाण्याकडं पाठ फिरवली. कुणी लातूरच्या डाळमिलीत पोती उचलू लागलं, कुणी अहमदपूरच्या मोंढ्यात. पिराजी एकटा उलट्या वाटेनं निघाला. विष्णुपुरीला जाऊन भोयांच्या हाताखाली होडी शिकला आणि परत येऊन आपल्याच बुडालेल्या शिवारावर मासे धरू लागला. नांगर धरायच्या हातात वल्हं आलं म्हणून सोयऱ्यांनी नाकं मुरडली. पिराजीनं कुणाच्या बापाची पर्वा केली नाही. माणूस मूळचाच तिरसट.

पुढं मच्छीमार सोसायटीनं हैदराबादच्या एका हौशी माणसाची जुनी होडी घेतली. तिच्या नाकाशी बॅटरीवर चालणारी बिनआवाजाची मोटर होती आणि मोटरीच्या बुडाला मुठीएवढी काळी डबी. सोनार म्हणतात त्या यंत्राला. सोन्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. डबी पाण्यात आवाज सोडते, तळाला आपटून आलेला आवाज ऐकते आणि वरच्या पडद्यावर तळाचं चित्र उमटतं. खड्डा, खोड, दगड, मासा, सगळं. त्या डबीला ट्रान्सड्यूसर म्हणतात. पिराजी तिला डोळा म्हणायचा.

डोळ्याचं पथ्य एकच. त्यानं सरळ खाली बघायला पाहिजे. तो जरा पुढं कलला, की पुढचा खड्डा आधीच पडद्यावर येतो आणि माणसाला वाटतं, आपण खड्ड्याच्या डोक्यावर आलो. म्हणून निघायच्या आधी मोटर पाण्यात सोडायची, होडीच्या काठावर पालथं पडायचं आणि डोळा सपाट आहे का ते बघायचं, हा पिराजीचा नेम. न बघता कुणी होडी काढली, की तो त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा.

खंडेनवमीला मात्र त्याच्या बायकोचं राज्य. ज्याच्या जिवावर भाकरी त्याची पूजा, म्हणून धुरपतानं विळा, खुरपं, मासे कापायची सुरी यांच्या रांगेत मोटरही मांडली. आता, देवाचं तोंड पूजणाऱ्याकडं पाहिजे हे धुरपताचं ठाम मत. खाली बघणाऱ्याला कुंकू लावायचं तरी कसं? तिनं डोळा आवळून धरणारी पट्टी सैल करून तो आपल्याकडं वळवला, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. दसऱ्याला सोनं लुटून आल्यावर पिराजीनं डोळा अदमासानं खाली ढकलला, पट्टी आवळली, कुंकू पुसलं. बाकीचं उद्या पाण्यावर बघू म्हणाला.

सकाळी दारात साखराबाई उभी. लातूरहून पहिल्या एसटीनं आलेली, काखेत पिशवी, पिशवीत नवऱ्याच्या अस्थींचं गाठोडं. किशनराव याच गावचे. जमीन गेल्यावर लेकाकडं लातूरला राहिले आणि तिथंच वारले. मरताना बजावून गेले, की मला गंगेला नेऊ नका, माझ्या विहिरीत सोडा. ऐन उमेदीत नवराबायकोनं मिळून खांदलेली विहीर ती. पाण्याखालची विहीर हुडकायची कुठं, म्हणून लेकानं हात झटकले. बाई एकटीच निघून आली. तिला एवढंच पाहिजे होतं, गाठोडं त्या विहिरीतच पडलं पाहिजे.

पिराजीनं पोरपणी त्या विहिरीचं पाणी प्यालेलं. त्यानं बाईला हाताला धरून होडीत बसवलं. मयताचं माणूस समोर बसलंय आणि आपण यंत्र तपासायला पालथं पडायचं, हे त्याला कसंसंच वाटलं. तसाच निघाला.

वाटेत बाई विहिरीचं सांगत होती. विहीर अगदी बांधाला लागून, आणि बांधापल्याड गुंडप्पाचं रान. बांध कुणी कोरला यावरून दोघांत तंटा पेटला, अहमदपूरच्या कोर्टात गेला, बोलणं कायमचं तुटलं. पुढं धरणानं बांधच गिळला, तरी किशनरावांचा राग काही बुडाला नाही. सांगताना बाईला जरा हसूही आलं.

होडी गुंडप्पाच्या रानाच्या अंगानं आली. पडद्यावर सपाट तळ, मग बांधाचा उंचवटा आणि त्याला लागूनच काळाभोर खड्डा. आली विहीर, म्हणून पिराजीनं मोटर थांबवली. बाईनं दगड बांधलेलं गाठोडं कपाळाला लावलं आणि पाण्यात सोडून डोळे मिटले.

पिराजीनं सवयीनं खोली मोजायची, टोकाला शिसं बांधलेली दोरी सोडली. विहिरीत ती सरसर खोल जायला पाहिजे होती. अर्ध्यातच ढिली पडली. त्यानं पुन्हा सोडली, पुन्हा तेच. मोटर वर उचलून बघतो तर डोळा पुढं कललेला, खाचेत कुंकू तसंच.

बाई हात जोडून शांत बसली होती. झाकली मूठ झाकलेली राहिली असती, कुणाला पत्ता लागणार होता? पण इतकी वर्षं ज्या गोष्टीवरून त्यानं जगाला शिव्या घातल्या तीच त्याच्या हातून झाली होती. त्याला स्वतःची लाज वाटली.

“मावशी, चुकलं माझं. डोळा तिरपा राहिला. गाठोडं विहिरीत न्हाई पडलं.”

बाईला उमगेना. त्यानं हातानं दाखवून समजावलं. मग तिनं विचारलं, कुठं पडलं?

“अलीकडंच. गुंडप्पाच्या रानात.”

बाईचा चेहरा उतरला. मालकानं एवढं एकच मागितलं होतं म्हणून ती मोठ्यानं रडली. पिराजीला बोल लावले, त्याच्या बायकोच्या कुंकवाला बोल लावले. उलट उत्तर द्यायची खोड असलेला माणूस, खाली मान घालून सगळं ऐकत राहिला. मग पालथा पडून त्यानं डोळा सपाट केला आणि होडी थोडी पुढं घेतली. आता खरी विहीर आली. दोरीही सरसर गेली. बाईनं पडद्यावर विहीर डोळे भरून बघितली. सोडायला हातात काही उरलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं तिनं होडी माघारी घ्यायला सांगितली, गाठोडं पडलं तिथं. बांधाजवळ ओट्यासारखं काही दिसतं का, म्हणाली. पडद्यावर लहानसा चौकोनी उंचवटा आला. पिराजीनं तो ओळखला. लिंगायतांत मयत आपल्याच रानात पुरतात; धरणाच्या आधी गेलेल्या गुंडप्पाची ती समाधी.

“त्याच्या मातीला मालक गेले न्हाईत,” साखराबाई म्हणाली. “म्या लई सांगितलं, हाकेवर हाय, जावा. बांधावर हुबं राहून बघत राहिले, पर वलांडला न्हाई. मरस्तोवर तेच खात व्हतं त्यांना.”

तिनं पदरानं तोंड पुसलं.

“आज गेले बघ.”

ती निघू म्हणेपर्यंत पिराजीनं होडी तिथंच धरून ठेवली.