पोचलेलं आणि कबूल केलेलं

नियोजन खात्यात तिला सगळे तक्तेबाई म्हणायचे. एकतीस वर्षं तिनं एकच तक्ता केला: परदेशातून आपल्याला मदत किती आली आणि खाडीपलीकडच्या शेजारी देशाला किती. दोन चिमुकले देश. नकाशावर बोट ठेवलं तर दोन्ही झाकले जावेत एवढे. पण एकमेकांच्या ताटात डोकावायची खोड मात्र दांडगी. तक्त्यावर लाल रेघ आपली, निळी त्यांची.

एवढ्या काळात तक्तेबाईनं सहा संचालक पाहिले आणि सहाही जणांना मनातल्या मनात एकाच पोत्यात भरलं. पहिल्यानं तर शेजाऱ्यांचं बंदर वादळात वाहून गेल्याचं ऐकून कपाळावर हात मारला होता. "नशीबवान लेकाचे! आता दहा वर्षं बघायला नको." आणि खरंच, निळी रेघ दहा वर्षं चढत राहिली. पुढे आपल्याकडे पूर आला, लाल रेघ वर गेली, तेव्हा कुठं खात्यातली तोंडं उजळली. पुरात एकशे चाळीस माणसं गेली होती. त्यांच्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता.

दर दोन वर्षांनी मदत देणाऱ्यांचं पथक पाहणीला यायचं. त्याआधी आठवडाभर खात्यात उलटी साफसफाई चालायची. नवी कपाटं मागच्या खोलीत, पंखे बंद, धड खुर्च्या संचालकांच्या घरी (त्यातल्या दोन कधी परतल्याच नाहीत), आणि मोरीतला गळका नळ मुद्दाम गळता ठेवायचा. "पाहुण्यांना आधी घाम फुटला पाहिजे," शिपाई म्हणायचा, "मग पाझर फुटतो."

तक्त्यातही तोच प्रकार. तिसऱ्या संचालकानं घालून दिलेली रीत अशी, की आपल्या रकान्यात फक्त हातात पोचलेली मदत लिहायची आणि शेजाऱ्यांच्या रकान्यात देणाऱ्यांनी नुसती कबूल केलेली. कबूल केलेला आकडा पोचलेल्याच्या दुप्पट असायचा. त्यामुळे आपण कायमचे उपाशी आणि ते कायमचे तुडुंब.

"साहेब, खाली निदान एक टीप घालू का?" तिनं तेव्हा विचारलं होतं.

"टिपा वाचायला कोण बसलंय, बाई!"

मग तिनंही विचारणं सोडलं. मात्र एकतीस वर्षांत तिच्या बेरजेत एक चूक निघाली नव्हती. त्याचाच तिला माज होता. खात्यातल्या कुणाला तीन आकडे नीट मांडता येत नाहीत, असं ती चहा पिता पिता सगळ्यांदेखत म्हणायची.

निवृत्तीला दोन महिने उरले असताना पथक आलं. त्याची प्रमुख एक हडकुळी बाई होती, आपली भाषा शिकून आलेली. तिनं टेबलावर दोन तक्ते शेजारी शेजारी ठेवले. एक इथला, एक खाडीपलीकडचा. तिकडच्या शहाण्यांनीही तीच युक्ती केली होती: स्वतःचं पोचलेलं, इकडचं कबूल केलेलं.

"तुम्ही म्हणता त्यांना दुप्पट मिळालं, ते म्हणतात तुम्हाला," पाहुणी म्हणाली. "हे कसं काय?"

सहाव्या संचालकांनी चहाकडे पाहिलं, बंद पंख्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कारकुनी चूक. आमच्या बाई थकल्यात आता. बेरजेत घोटाळा होतो."

तक्तेबाई फाईल घेऊन दारातच उभी होती. तिची कानशिलं तापली.

"घोटाळा बेरजेत नाहीये, साहेब. पोचलेल्याशेजारी पोचलेलं मांडा, दोन्ही रेघा एकमेकींवर बसतात. दोघांनाही सारखंच मिळालंय. कबूल केल्याच्या निम्मं."

पाहुणी तरी खूश होईल असं तिला वाटलं होतं. पण आधी तोंड उतरलं ते पाहुणीचं. उरलेलं निम्मं कुठं गेलं, हे आता देणाऱ्यांनाच कुणीतरी विचारलं असतं. पाहुणीनं पेनाला टोपण लावलं.

"कारकुनी चूकच बरी," ती हळूच म्हणाली. "अहवालात एका ओळीत मावते. पलीकडच्या कारकुनानं तशी सही दिलीसुद्धा."

घेणाऱ्याचं आणि देणारीचं इतकं एकमत तक्तेबाईनं उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी तिच्या हातात एक छापील कागद आला: 'माझ्या हातून बेरजेत चूक झाली.' खाली सहीला जागा. सही नाही तर पेन्शनचे कागद हलणार नाहीत, असं शिपायानं खाली मान घालून सांगितलं.

घरी लेक म्हणाली, "आई, एक सही कर नि मोकळी हो. छप्पर गळतंय आपलं."

"गळू दे. खात्याला दाखवायला नळ आहे, आपल्याला छप्पर."

"थट्टा नको करूस. इतकी वर्षं खोटा तक्ता तूच करत होतीस ना?"

"केला. पण बेरीज बरोबर केली."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच ते फार हलकं वाटलं. सहा जणांच्या त्या पोत्यात सातवी जागा रिकामी होती, आणि ती कुणाची हे तिला आजच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं छापील ओळ खोडली आणि खाली आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'बेरजेत चूक नाही. तक्ता खोटा आहे, आणि तो सांगितल्याप्रमाणे मीच करत आले.' सही केली, तारीख घातली.

संचालकांनी कागद वाचला. "बाई, आता तुमचे कागद हलायचे नाहीत."

"तुमच्याकडून आजवर काय हललंय, साहेब?"

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. दर महिन्याला ती येते, बाकावर बसते आणि 'पुढच्या महिन्यात या' ऐकून जाते. समोरच्या भिंतीवर नवा तक्ता लागलाय, संचालकांच्या मेहुण्यानं केलेला. पहिल्याच रकान्यात हातचा एक विसरलाय. पथक येऊन गेलं, वाखाणून गेलं, कुणाच्या लक्षात आलं नाही.

"बरा झालाय ना, बाई?" शिपायानं विचारलं.

"साहेबांच्या मापाचा झालाय."

तिचा हात सवयीनं पिशवीतल्या पेन्सिलीकडे गेला. पेन्सिल सापडली तशी तिनं ती परत खाली सारली, पिशवीचा बंद ओढला आणि मोरीतल्या नळाचं टपटप ऐकत जिना उतरली.